दह्यानं मोजलेला रस्ता

सायकलच्या कॅरियरवर दह्याचं गाडगं बांधून दर रविवारी डोंगरात जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सिद्रामअण्णा. सोलापूरच्या आमच्या कचेरीत ते ट्रेसर होते, म्हणजे साहेबांनी आखलेले रस्त्यांचे नकाशे पातळ कागदावर गिरवायचे. आठवडाभर दुसऱ्यांचे रस्ते गिरवून झाले की रविवारी स्वतःचे शोधायला निघायचे.

दह्याची भानगड अशी. अण्णांच्या मते रस्ता मैलांत मोजणं हा शुद्ध वेडेपणा. रस्ता मोजायचा धक्क्यांत, आणि धक्के मोजायला दह्यासारखं यंत्र नाही. गाडगं चुंबळीवर बसवायचं, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायचं आणि सायकल हाणायची. पोचल्यावर तोंडाचं फडकं सोडून बघायचं. दही घट्ट असेल तर रस्ता अव्वल. पाणी सुटलं असेल तर मध्यम. ताक झालं असेल तर वाईट. आणि लोणी वर आलं असेल तर त्या वाटेनं दुश्मनालासुद्धा पाठवू नये. घरी एका मोठ्या नकाशावर त्यांनी वळणदार अक्षरात प्रत्येक वाटेवर ‘दही’, ‘पाणी’, ‘ताक’, ‘लोणी’ असं लिहून ठेवलं होतं. मी पाहिला तेव्हा त्यावर ‘दही’ एकदाही नव्हतं.

डांबरी रस्त्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "डांबरावर कुनीबी जाईल की," ते म्हणायचे. "त्यात मानसाचं काय कसब?" सुदैवानं त्यांच्या कसबाला वाव भरपूर होता. बहात्तरच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून सरकारनं गावोगाव खडी फोडून घेतली होती. पुढं पाऊस आला आणि वैरागच्या पलीकडच्या डोंगरात अर्धेमुर्धे रस्ते तसेच राहिले. कुठं मुरूम दाबलेला, कुठं नुसतेच खडीचे ढीग, आणि मध्येच रस्ता सीताफळाच्या झाडीत शिरून नाहीसा. यातला कुठला रस्ता कुठं निघतो हे तो बांधणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. अण्णांना येत होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, एकटा, आणि खानावळीच्या आमटीला विटलेला. एका शनिवारी अण्णा म्हणाले, "चला की राव डोंगरात. कडक भाकरी, शेंगाची चटनी आनि दही." मी निसर्गाच्या ओढीनं गेलो असं आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. गेलो चटणीसाठी.

वैरागपर्यंत एसटी. सायकली टपावर, गाडगं अण्णांच्या मांडीवर. कंडक्टर नेहमीचा, ओळखीचा. "अण्णा, पोराचं अर्धं तिकीट फाडू का?" असं दर वेळी विचारायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. वैरागला उतरलो की सहा मैल मुरूम. पहिल्याच उतारावर मी सायकलसकट बाभळीत गेलो. अण्णांनी वळून आधी गाडग्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

त्यांची आणखी एक खोड होती. वाटेत धोंडा दिसला की उतरून तो बाजूला सारायचा. नारळाएवढा असो की लिंबाएवढा. सहा मैलांना आम्हाला चार तास लागायचे. "अण्णा, हे सरकारचं काम आहे," म्हटलं तर म्हणायचे, "होगली बिडू." कानडीत याचा अर्थ जाऊ दे, सोड. एवढं म्हणून पुढचा धोंडा उचलायचे.

कचेरीतही हे दही शिरलं होतं. एका ठेकेदाराचा रस्ता पूर्ण झाल्याचा नकाशा गिरवायला आला, तेव्हा अण्णांनी कोपऱ्यात लिहिलं, ‘तिसऱ्या नाल्याजवळ दही फुटले. सबब रस्ता अपूर्ण.’ साहेब संतापले. शहानिशा करायला स्वतः जीपमधून गेले. संध्याकाळी कंबर धरून परत आले, आणि त्याखाली सही केली.

आमचा रविवार नेहमी एकाच टेकडीवर संपायचा. खाली एक वाडी दिसायची. अण्णा गाडग्यात डोकावायचे, तोंड पाडायचे आणि मागं फिरायचे. "वाडीत चहा तरी घेऊ," मी एकदा म्हणालो.

"तितं सासुरवाडी हाय माजी," एवढंच बोलून त्यांनी सायकल वळवली.

तिथं शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला कोपरखळी मारली. "ह्योच त्यो जावई. सात वर्सं झाली, बायकोला म्हायेरी धाडली न्हाय ह्यानं. लई कवडीचुंबक." मला ते पटलं. चटणीही ते मोजून वाढायचे.

माझं शहाणपण श्रावणातल्या एका शनिवारी उतरलं. कसलीशी फाईल द्यायला अण्णांच्या घरी गेलो होतो. अण्णा बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायचो. त्या कमरेला पट्टा बांधून, भिंतीला टेकून, गाडग्यात विरजण लावत होत्या. मी सहज विचारलं, "अक्का, माहेरी का जात नाही?"

"माळवदावर मिरच्या वाळत घालताना पडले की," त्या म्हणाल्या. "मनका दुखावला. डागदर म्हनले, धक्का बसला तर कायमचं अंथरून. वैरागपत्तुर उशी घिऊन जाईन हो, फुडं कसं? बैलगाडीत तर हाडं खिळखिळी व्हत्यात."

"बाजेवरून नेता येईल."

"भाऊ तेच म्हनतो. पर आईनं लेक बाजेवरनं आलेली बघितली तर तितंच जीव सोडंल. ती झोपून हाय. आता बोलत बी न्हाय म्हनं कुनाशी. मी पडलेलं तिला सांगितलंच न्हाय."

"मग तुम्ही येत नाही, त्याचं काय सांगितलंय?"

अक्कांनी गाडग्यावर फडकं बांधलं. "ह्यांनीच निरोप धाडला. मी धाडत न्हाय म्हनून."

मला माझी लाज वाटली. पुढच्या रविवारपासून धोंडे मीही उचलू लागलो.

दिवाळीनंतरच्या रविवारी टेकडीवर अण्णांनी फडकं सोडलं आणि तिथंच खाली बसले. दही जसंच्या तसं होतं. त्या दिवशी त्यांनी मला चटणी न मोजता वाढली.

आठ दिवसांनी अक्का निघाल्या. वैरागपासून पुढं कॅरियरवर तीन गोधड्या. अण्णा सपाटीला सायकल चालवायचे, चढाला उतरून ढकलायचे. मी पुढं राहून खडे वेचत होतो. पायी चाललेला एक वाटसरू आम्हाला मागं टाकून गेला. अण्णांनी गाडगं अक्कांच्या मांडीवर दिलं होतं आणि दर फर्लांगाला ते उघडून बघत होते. शेवटी अक्का वैतागल्या. "मला न्हेताय का दह्याला?"

वाडीच्या तोंडाशी अक्का उतरल्या. पदर नीट केला आणि ताठ पाठीनं, एकेक पाऊल टाकत, माहेरच्या दारात गेल्या. म्हातारीनं अंथरुणातून बघितलं, लेकीचे दोन्ही हात धरले आणि पोटभर रडून घेतलं. मग तिची नजर अण्णांवर गेली.

"आलात व्हय जावईबापू! सात वर्सं लेक दावली न्हाय. मानूस हाय का कोन?"

"चुकलं मामी," अण्णा हात जोडून म्हणाले.

"चुकलं म्हनून सात वर्सं माघारी येत्यात का?" म्हातारीनं मग अण्णांच्या बापापासून सोलापूर शहरापर्यंत कुणाला सोडलं नाही. अक्का काही बोलायला गेल्या, तर अण्णांनी डोळ्यांनी दटावलं आणि बाहेर आले. मी मागोमाग गेलो. माझा संताप झाला होता.

"अण्णा, आता तरी खरं सांगून टाका!"

अण्णा ओट्यावर बसून टॉवेलनं डोळे पुसत होते. बघतो तर चेहरा हसरा. "ऐकलात का आवाज? बोलत न्हाय म्हनं म्हातारी! शेजारच्या वाडीला ऐकू जाईल की."

आत तोंडाचा पट्टा चालूच होता. अण्णा ओट्यावरून सरकले आणि नीट ऐकू यावं म्हणून दाराजवळ जाऊन बसले.