सव्वा तासाची भाकरी

"लेक द्यावी किती दूर? भाकरी निवंना तवर."

बिडकीनला माहेरच्या चुलीपुढं बसून कडूबाईची आई हे म्हणायची. आई गेली, चूल गेली, पण तो आवाज लेकीच्या कानात तसाच होता. म्हणून हैदराबादला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीनं, मेघानं, लग्नाला तिथलाच विश्वजीत पसंत असल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा मुकुंदवाडीतल्या घरात कडूबाईनं आधी अंतर विचारलं.

"विमानानं सव्वा तास, आई. सोयगावची एसटी बी याच्याहून जास्त वेळ घेती. आन मी राहतेच की इथं!"

"नोकरीचं निराळं. नोकरी सुटती, सासर सुटत नाय. भाकरी धाडते. गरम पोचली तर माझं व्हय."

भाकरी न्यायला मेघाचे वडील कचरूराव निघाले. जन्मात विमानात न बसलेले. "आन गार पोचली तर?"

"तर तुम्ही खा."

तव्यावरून उतरलेली भाकरी फडक्यात, फडकं डब्यात आणि डबा गोधडीच्या तुकड्यात गेला. विमानतळ इतका जवळ, की गच्चीवरून विमानाचं पोट दिसतं. पण तिथं दोन तास आधी बोलावलेलं.

"इतक्या लवकर कशाला? विमानाला बैल जुपायचेत व्हय?" कचरूराव कुरकुरले.

तपासणीला डबा उघडायला लावला. "साहेब, लवकर झाका, वाफ चालली!"

"काका, भाकरीच आहे ना?"

"आत्ता भाकरी हाय. उशीर केला तर नकार हाय."

विमानात त्यांनी डबा स्वेटरच्या आत घातला आणि दोन्ही हातांनी कवटाळून बसले. हवाई सुंदरी काळजीनं वाकली. "सर, पोटात दुखतंय का?"

"नाय बाई, पोरीचं लग्न हाय."

हैदराबादवर धुकं होतं. विमान घिरट्या घालत राहिलं. कचरूरावांना खिडकीतून एकच तलाव तीनदा दिसला. उतरल्यावर गाडीतून जाताना रस्ता आभाळापेक्षा लांब निघाला. मेघाच्या खोलीवर पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता.

त्यांनी भाकरीला बोट लावलं आणि चोरासारखं इकडं तिकडं पाहिलं. "तवा ठेव पटकन. तुझ्या आईला तिथं काय कळतंय!"

मेघानं गॅस पेटवला, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर कडूबाईचा अर्धाच चेहरा, कपाळ आणि डोळे. "पोचली का? गरम हाय ना?"

कचरूरावांनी जोरजोरात मान हलवली. मेघानं तव्याकडं पाहिलं, आईच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि गॅस बंद केला. भाकरीचा तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला.

"नाय आई. गार हाय. पार निवली."

कचरूराव छताकडं बघू लागले. पलीकडं कडूबाईनं पदरानं डोळे पुसले.

"अर्धी त्या विश्वजीतला ठेव," ती म्हणाली.

"पण आई, गार…"

"गारच असती गं. बिडकीनहून माझा बाप माझ्या सासरी भाकरी घिऊन यायचा, ती बी गारच असायची. आईला मातर, गरम होती म्हणून सांगायची मी."