खांद्यांचं माप

आप्पा तळघराच्या कोब्यात कमरेपर्यंत गेले, तेव्हा आम्ही तिथं फरशी घालायचं ठरवलं.

मिरजेतल्या आमच्या घराच्या तळघरात वडील चाळीस वर्षं पुस्तकबांधणीचं काम करत होते. गुडघे आत गेले तेव्हा आम्ही स्टूल काढून टाकलं, मांड्या गेल्या तेव्हा टेबलाचे पाय कापले. त्यांना दुखत नव्हतं. पण खाली ओल वाढली होती, कागद बुरशी धरत होते, आणि आप्पांचा खोकला हटत नव्हता.

यासीन मिस्त्रींनी टेप लावला. "आधी वॉटरप्रूफिंग. ओलीवर फरशी टिकायची नाही. गुळगुळीत नको, शहाबादी घाला, स्वस्त पडेल." मग त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "मधल्या खांबाची जागा आम्ही मापातून वजा करत नाही. उलट गोल कापायचे पैसे जास्त पडतात."

"पडू देत," माझा थोरला भाऊ रमाकांत म्हणाला.

"गोल केवढा ठेवू?"

आम्हाला कळलं नाही. मिस्त्रींनी नीट सांगितलं. "कमरेएवढा ठेवला तर छातीशी अडतील. आणखी खाली जाणार नाहीत, पण बरगड्यांवर भार येईल. खांद्यांएवढा ठेवला तर अडणार नाहीत."

"कमरेएवढा," दादा लगेच म्हणाला. मलाही तेच हवं होतं.

आप्पांनी विचारलं, "मिस्त्री, फरशी तडकेल?"

"ताण आला तर तडकणारच. गॅरंटी नाही देता येत."

आप्पांनी हातातली वही मिटली. "कुंदा, खांदे मोज."

दादा जिना चढून निघून गेला. मी टेप धरला. साडेसतरा इंच भरले.

"वर अर्धा इंच सोडा," आप्पा मिस्त्रींना म्हणाले. "बांधणीतही सोडावा लागतो. घट्ट आवळलं की पुस्तक उघडत नाही."

काम सहा दिवस चाललं. ओल थांबली, खोकला गेला. आप्पांनी त्या उन्हाळ्यात अकरा पुस्तकं बांधली. मी सुईत दोरा ओवून द्यायचे. दादा महिनाभर खाली आला नाही. मग एका रविवारी आला आणि आप्पांशेजारी फरशीवर बसून राहिला.

भाद्रपदात खांदे कुठंही न घासता आत गेले. हातही गेले. तेव्हापासून दादा रोज सकाळी खाली जाऊन त्यांची दाढी करू लागला. फरशीवर पालथा पडून, अगदी सावकाश.

कार्तिकात एका मंगळवारी मी चहा घेऊन गेले, तेव्हा गोलात फक्त सपाट कोबा होता.

यासीन मिस्त्री दुपारी आले. माल कालवला, गोल बुजवला आणि वर कापून आणलेली फरशी बसवली. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी थापीच्या मुठीनं ती चारी बाजूंनी ठोकून पाहिली. कान लावून ऐकलं.

"पोकळ नाही," ते म्हणाले. "खाली भरीव आहे."

दादानं मान हलवली.