गरममामांची बटणं

"या हिवाळ्यात शाळेत कुणी एक जण जरी कुडकुडला, तर मिशी उतरवून ठेवीन!" गरममामांनी छाती ठोकून सांगितलं.

हे गरममामा म्हणजे हीटर आणि पंख्यांचे मिस्त्री. मुख्याध्यापिकाबाईंचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणून पोरांचे मामा. आणि गरम का, ते त्यांच्या कामावरूनही कळतं आणि त्यांच्याशी दोन मिनिटं वाद घातल्यावरही कळतं!

ताईंनी वरती शब्द टाकला, तेव्हा कुठे शाळेतली जुनी यंत्रणा काढून नवी बसवायचं काम मामांना मिळालं होतं. आज वरच्या ऑफिसातले साहेब तपासणीला येणार होते. पास झालं तर मामांची नोकरी पक्की. नापास झालं तर मामा घरी, आणि ताईंना वरच्या ऑफिसात तोंड दाखवायला जागा नाही.

"माझं नाक कापू नकोस रे बाबा," ताई सकाळपासून धोशा लावून होत्या.

"ताई, तू निर्धास्त राहा!"

मामांच्या मते जुनी यंत्रणा म्हातारपणानं गेलीच नव्हती, तिला शिक्षकांनी मारलं होतं. गणिताच्या बाई यायच्या आणि भिंतीवरचं बटण चढवायच्या. भूगोलाचे सर यायचे आणि तेच उतरवायचे. बॉयलरची गत म्हणजे दोन बायका, फजिती ऐका! मग मामांनी नामी युक्ती काढली. अख्ख्या शाळेचं तापमान बघून हीटर-पंखे चालू-बंद करणारी एकच डबी त्यांनी खडू ठेवायच्या कोठीत बसवली, जिथे कुणी फिरकत नाही. आणि वर्गावर्गात शिक्षकांच्या समाधानासाठी छान गोल बटणं लावली. मागे तार नाही, काही नाही! काय फिरवायचं ते फिरवा! हे गुपित त्यांनी ताईंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

साहेब आले. पहिल्याच वर्गात शिरले आणि छतातल्या जाळीतून त्यांच्या टकलावर असा गार झोत आला की त्यांनी मफलर डोक्याला गुंडाळला.

"हे काय? बाहेर बरं होतं की!"

मामांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण गणिताच्या बाई पुढे सरसावल्या. "थांबा साहेब, आत्ता होतं!" त्यांनी बटण चढवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा! आली बघा ऊब!"

"फारच आली," भूगोलाचे सर कुरकुरले आणि त्यांनी बटण उतरवलं. "हां, आता कसं बरं वाटतंय!"

पोरं दप्तरं पोटाशी धरून बसली होती.

"पंखा बघून येतो," असं पुटपुटत मामा कोठीकडे धावत सुटले. दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. साहेबांच्या चहासाठी शिपायानं बरोबर डबीखालीच किटली लावली होती, आणि ती मजेत वाफा सोडत होती! डबीला वाटलं, शाळा भाजून निघाली. तिनं हीटर बंद केले आणि बाहेरची गार हवा आत ओढणारे पंखे पूर्ण जोरात सोडले. मामांनी किटली उचलली, बोटं भाजून घेतली, फुंकर मारमारून डबी गार केली आणि आल्या पावली धावत परतले.

पाहतात तर साहेब खिशातला पेचकस काढून बटणापुढे उभे!

"आत काय तंत्र आहे ते जरा उघडून बघतो."

"नको साहेब! म्हणजे... तंत्र नाजूक आहे!" मामांना दरदरून घाम फुटला. कपाळावरून, मानेवरून, मिशीच्या टोकावरून धारा!

साहेब त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. ताई दारातून बघत होत्या.

"अहो, तुम्हाला तर घाम आलाय!"

"हो... हो साहेब."

"म्हणजे खोली उबदारच आहे. मीच सर्दीचा माणूस, मला मेलं सगळीकडे गारच वाटतं!" साहेबांनी पेचकस खिशात ठेवला. तेवढ्यात नळ्या खडखडल्या आणि खरीच ऊब पसरायला लागली. "पास!" साहेब म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली, तशी ताईंनी भावाला आपल्या खोलीत ओढलं. "खरं सांग. तो घाम कसला होता?"

मामांनी सगळं ओकून टाकलं. तार नाही, तंत्र नाही, शाळेतलं एकूण एक बटण खोटं, तुझ्या या खोलीतलंसुद्धा! ताई आधी भडकल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे! वाचलो रे, दोघंही वाचलो!"

मामांच्या जिवातही जीव आला. अंगावरचा घाम वाळला, तशी थंडी वाजायला लागली. ते उठले आणि भिंतीवरचं बटण जरा चढवून हात चोळत म्हणाले, "हां! आता कसं बरं वाटतंय!"

"अजून थोडं चढव," ताई म्हणाल्या, "माझे पाय अजून गारच आहेत."

मामांनी चढवलं.