दाजींचा डासबोर्ड

दाजी परब कुणाला भेटले की कसे आहात असं विचारत नाहीत. "रंग काय?" असं विचारतात. नवखा माणूस गडबडून स्वतःच्या शर्टाकडे बघतो. दाजींना शर्टाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना आपल्या एकंदर परिस्थितीचा रंग हवा असतो. सगळं ठीक असेल तर हिरवो, खोकला झाला असेल तर पिवळो, आणि सासूबाई महिनाभर राहायला आल्या असतील तर लाल. माझ्या धाकट्या बहिणीला कुडाळचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळे खूश होते. दाजींनी त्या मुलाला बाजारात एकदा लांबून बघितलं आणि मला येऊन सांगितलं, "पिवळो आसा गो. घाई करू नको." आम्ही घाई केली नाही. बहीण अजून दाजींचं नाव काढलं की फणकारते.

वेंगुर्ल्याच्या आमच्या काजू कारखान्यात दाजी सोलणीचे मुकादम आहेत. भट्टीत सुकवलेल्या गराची साल काढायची आणि गर मोडू द्यायचा नाही, हे सोलणीचं काम. पाच लांब टेबलं, प्रत्येक टेबलाला सहा बायका, आणि मधून हात मागे बांधून फिरणारे दाजी. मी शेजारच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. दाजींचं टेबलही त्याच खोलीत आहे, त्यामुळे हे सगळं मी ऐकीव सांगत नाही.

रंगांचं वेड आणलं ते आमच्या धाकट्या मालकांनी. पुण्याहून शिकून आले आणि येताना एक सिस्टिम घेऊन आले. कोणी किती सोललं, किती गर मोडले, कोण किती वाजता आलं, ते सगळं मी भरायचं आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवं, पिवळं, लाल उमटायचं. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. दाजींनी पहिल्या दिवशी ऐकलं ते डासबोर्ड. मी तीनदा सुधारलं. दाजी म्हणाले, "लाल झालो की चावता, म्हणान डास. नाव बरोबर आसा." पुढच्या आठवड्यात पुण्याच्या कंपनीशी फोनवर बोलताना मीच डासबोर्ड म्हणून गेले.

तरी पहिले पंधरा दिवस दाजी त्या स्क्रीनकडे पाठ करून बसत. माणसं ओळखायला भिंत कशाला लागते, असा त्यांचा सवाल होता. मग एक दिवस त्यांनी सहज मान वळवली आणि अडकले. मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळचा पहिला तास सगळा लाल. सोमवार, गुरुवार आणि शनिवार हिरवेगार. धाकट्या मालकांचं मत पडलं की हा निव्वळ आळस आहे, उशिरा येणाऱ्यांना नोटीस देऊ. दाजी स्क्रीनसमोर बराच वेळ उभे राहिले आणि एकटेच हसायला लागले. सोमवार, गुरुवार आणि शनिवार आमच्याकडे शिवराक, म्हणजे घरात मासे शिजत नाहीत. बाकीच्या दिवशी मासेवाली दारात येईपर्यंत घरची बाई हलत नाही. ती आली, बांगडे घेतले, साफ केले, की मग बाई कामाला. यात आळस कुठे आला?

दाजींनी मला फर्मान सोडलं की सिस्टिममध्ये 'मासे की शिवराक' असा एक रकाना वाढव. मी पुण्याला फोन लावला. तिथल्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं, "मॅडम, शिवराक हे कुठलं युनिट आहे?" मी समजावता समजावता घामाघूम झाले, पण रकाना आला. मासळीच्या दिवशी काम अर्धा तास उशिरा सुरू करायचं आणि संध्याकाळी तेवढंच थांबायचं असं ठरलं. लाल नाहीसा झाला. नोटिशीचा विषयही कुणी पुन्हा काढला नाही.

त्या दिवसापासून दाजी त्या स्क्रीनचे भक्त झाले आणि आम्ही सगळे त्यांच्या तावडीत सापडलो. गावच्या भजनात कोण कितव्या अभंगाला जांभई देतो याची त्यांनी नोंद ठेवली आणि बुवांना तोंडावर सांगितलं की तुमचा तिसरा अभंग लाल जातो. बुवा दोन महिने बोलत नव्हते. मात्र तिसरा अभंग त्यांनी बदलला. भाच्याच्या लग्नात सोलकढी दुसऱ्यांदा कोण मागतो हे दाजी पंगतीच्या टोकाला उभे राहून टिपत होते, तेव्हा मुलीकडच्यांना ते अन्न खात्याचे साहेब वाटले.

आणि मग सरूकाकींचा प्रश्न आला.

सरूकाकी आमच्या सोलणीतल्या सगळ्यांत जुन्या. हात थकले होते, नजर मंद झाली होती. त्यांच्या नावाची ओळ एकदा लाल झाली ती लालच राहिली. धाकटे मालक वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी नियम केला होता: सलग दोन महिने लाल, की काम बंद. काकींचा दुसरा महिना संपायला आठ दिवस उरले होते. काकींना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. त्या सुरी जोरात चालवायला लागल्या आणि आणखी गर मोडायला लागल्या. मला ते बघवत नव्हतं. आणि ती लाल ओळ रोज माझ्याच बोटांनी भरली जात होती.

दाजी मात्र भलत्याच उद्योगात होते. रोज सकाळी काकींना उठवून वेगळ्या टेबलावर बसवायचे. काल दोन नंबर, आज पाच, उद्या एक. मला रागच आला. म्हाताऱ्या बाईला जाता जाता कशाला नाचवताय, असं मी विचारलंसुद्धा.  ते स्क्रीनवरचे रंग वहीत उतरवून घेत राहिले.

आठव्या दिवशी धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये दाजी मला घेऊन गेले. ऑफिसचं बोलणं म्हणून सुरुवात शुद्ध मराठीत केली. "साहेब, सदर कामगार महिलेच्या संदर्भात," इथपर्यंत गाडी नीट चालली आणि मग दाजींना राहवेना. "साहेबानू, काकीचो आकडो काकीच्या वळीत शोधू नकात. तो शेजारणींच्या वळीत आसा."

मी स्क्रीन उघडला. काकी ज्या दिवशी ज्या टेबलावर, त्या दिवशी ते टेबल गडद हिरवं. काकी उठल्या की दुसऱ्या दिवशी फिकं. दररोज तसंच. कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त सिस्टिमला ठाऊक नव्हतं. काकी देवचाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या भुताच्या, गोष्टी सांगतात. राखणदार देवचार वडावरून उतरून निघाला, इथे आणून थांबतात आणि पुढच्या गराला हात घालतात. मग पाण्याला कोण उठतंय? टेबलावरच्या सगळ्या जणी मान खाली घालून सोलत राहतात.

धाकट्या मालकांनी स्क्रीन दोनदा वर-खाली करून बघितला. मग हसले. म्हणाले, काकींना रोज वेगळ्या टेबलावर बसवा, वेळापत्रक करा, आणि त्यांची ओळ सिस्टिममधून काढून टाका. मी बाहेर येऊन काकींना सांगितलं. काकींनी सुरी खाली ठेवली, पदराने डोळे पुसले आणि चहा कधी येणार असं विचारलं.

दाजींनी वेळापत्रक लगेच करून दिलं. सोमवार टेबल एक, मंगळवार दोन, असं शुक्रवारपर्यंत. शनिवारसमोर लिहिलं होतं, टेबल सहा. मी म्हटलं, दाजी, आपल्याकडे टेबलं पाचच आहेत.

"माझा टेबल," ते म्हणाले.

इथे कसलं सोलणं होणार, असं मी चेष्टेत विचारलं. दाजींची बायको नातवाला सांभाळायला मुंबईला लेकाकडे गेली, त्याला दोन वर्षं होत आली. ती परत येण्याचा विषय दाजी काढत नाहीत आणि आम्हीही काढत नाही. दाजींनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"काकी बसली की पयलो प्रश्न काय विचारता म्हायत आसा? जेवलात काय, असा विचारता. घराक माका तां विचारूक कोण नाय गो."

मी टेबल सहा सिस्टिममध्ये टाकलं. पहिल्याच शनिवारी काकी येऊन बसल्या, दाजींचा डबा उघडून बघितला, नुसता भात आणि लोणचं पाहून त्यांच्यावर कडाडल्या आणि स्वतःच्या डब्यातली भाजी त्यांना वाढली. दाजी मान खाली घालून जेवले. मी माझी खुर्ची थोडी त्यांच्या बाजूला सरकवली. देवचार तोवर वडावरून उतरला होता, आणि त्या दिवशी माझ्या महिनाभर तुंबलेल्या पावत्या संध्याकाळचा चहा येण्याआधीच लिहून झाल्या.