मकारचा खोकला

बेल वाजली तेव्हा मकार सासूबाईंनी दिलेलं खोकल्याचं औषध गिळत होता. त्याने दाराच्या भोकातून पाहिलं आणि झटकन मागे सरकला. बाहेर निळ्या जाकिटातले दोघेजण उभे होते, एक बाई आणि एक पुरुष. जाकिटावर उत्तेजक-चाचणी केंद्राचं नाव होतं.

"क्लावदिया सेम्योनोव्हना," तो सासूबाईंकडे वळून पुटपुटला, "मला काय पाजलंत?"

"मधात माझी दम्याची गोळी कुटून घातली. दोन घातल्या. सोमवारी कझानला खेळायचंय ना?"

"दोन! अहो, बंदी येईल माझ्यावर! चार वर्षं!"

"चार वर्षांत एखादी नोकरी तरी शोधाल, जावईबापू."

बायको उल्याना स्वयंपाकघरातून धावत आली. "घरी नाही म्हणून सांगू का?"

"वेडी आहेस का? लपलो तर आणखी संशय येईल!"

औषध पातळ व्हावं म्हणून तो बरणीतलं सगळं जर्दाळूचं सरबत घटाघटा प्यायला. त्याने पोट तेवढं फुगलं, भीती तसूभरही कमी झाली नाही. मग तो बाल्कनीत, बटाट्यांच्या पोत्यामागे जाऊन बसला. खाली पाहिलं. चौथा मजला. तो गपचूप परत आत आला.

बेल पुन्हा वाजली. मकारने डोळे मिटून दार उघडलं आणि एका दमात सांगून टाकलं, "गोळ्या दम्याच्या होत्या, दोन होत्या, मला माहीत नव्हतं, सासूबाईंनी घातल्या!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपण कोण?" बाईने विचारलं.

"मकार त्रिफोनव. टेनिस. जगात सहाशे बारावा."

"बरं. आम्हाला वजन उचलणाऱ्या झोयाकडे जायचंय. हा पाचवा मजला ना?"

"चौथा," मकार म्हणाला. "मग माझी चाचणी?"

"तुमची कशाला?" बाई सहज म्हणाली. "आणि गोळ्यांचं आम्ही काही ऐकलं नाही."

मकारच्या जिवात जीव यायला हवा होता. पण त्याचा चेहरा पडला.

तेवढ्यात सासूबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "कशाला म्हणजे? वर्षभर गावोगाव हरून येतो बिचारा! खेळाडू नाही का तो? घ्या चाचणी!"

"मम्मी, गप्प बसा हो!" मकार रडकुंडीला आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्यांना मम्मी म्हटलं होतं.

दोघे जिना चढू लागले. मकार क्षणभर उंबऱ्यात घुटमळला, मग मान वर करून ओरडला, "पुढच्या वर्षी माझ्याकडेच यावं लागेल!"

वरची पावलं थांबली.

मकारने धाडकन दार लावलं आणि दोन्ही कड्या घातल्या.