आमच्या रस्त्याचे संस्थापक

आमच्या रस्त्यावर एखाद्या घरापुढे 'फॉर सेल'ची पाटी लागली, की शेजाऱ्यांच्या आधी ते लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनच्या मराठी माणसांना कळायचं. डॉक्टर खांबेटे ड्रेसिंग गाऊनमध्येच बाहेर यायचे, पाटी डोळे भरून बघायचे आणि घरात जाऊन फोनला बसायचे. "तीन बेडरूम्स, मागे गार्डन, आणि आपल्या गावाला डेंटिस्ट हवाय. कधी येताय?"

गाव म्हणजे लंडनजवळच्या वॉटफर्डमधला आमचा एक साधा रस्ता. एका टोकाला रेल्वेलाइन, दुसऱ्या टोकाला फिश अँड चिप्सचं दुकान.

या सगळ्याचं मूळ टोबायस मर्टन. साडेतीनशे वर्षांपूर्वी जवळच्याच एका खेड्यात राहणारा हा कापडाचा व्यापारी, कडवा प्युरिटन, म्हणजे सणसमारंभ आणि खेळ पाप मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. प्रार्थना कशी करावी यावरून तो बिशपशी भांडला, घरदार विकून शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट जहाजात बसला आणि अमेरिकेच्या जंगलात त्याने गाव वसवलं. डॉक्टरांनी लायब्ररीतल्या एका व्याख्यानात हे ऐकलं आणि पार वेडे झाले. पुढे ते टोबायसबद्दल असं बोलायचे, की तो सांगलीला त्यांच्याच वर्गात असावा. "हट्टी होता हो आपला टोबायस. पण माणसं जमवावीत ती त्यानेच."

टोबायसने म्हणे माणसं कसबानुसार नेली होती. एक लोहार, एक सुतार, एक सुईण. डॉक्टरही तसंच करायचे. सत्यनारायणाची पूजा सांगू शकणारा इंजिनियर त्यांनी लेस्टरहून आणला. उकडीचे मोदक न फाटता वळणाऱ्या एका बाईंसाठी त्यांच्या नवऱ्याला नोकरी बदलायला लावली. स्वतः भूलतज्ज्ञ असून तिसऱ्या भूलतज्ज्ञाला मात्र त्यांनी सरळ नाही म्हटलं. "अहो, सगळं गाव झोपेल." सुतार मात्र त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. मराठी सुतार विलायतेला येतच नाहीत, ही त्यांची कायमची तक्रार होती.

आमचीही अशीच पाहणी झाली. आम्ही तेव्हा क्रॉयडनला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. डॉक्टर जेवायला आले, आमटी दोनदा मागून घेतली. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, पगार, मॉर्गेज, काही म्हणजे काही विचारलं नाही. हात पुसता पुसता माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, दिवसा मराठी कोणाशी बोलता?"

मला हा प्रश्न आगाऊ वाटला. मी म्हटलं, "भांड्यांशी."

डॉक्टर हसले नाहीत. श्रीकांतला म्हणाले, "घर घेऊन टाका." पुढे कळलं, की हा प्रश्न ते प्रत्येक घरी विचारत आणि तोही फक्त बायकांना. आम्ही बायका त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. पण हसायला आम्ही सगळ्याजणी एका स्वयंपाकघरात जमलेल्या असायचो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गावाला नियमही होते. टोबायसच्या गावात पत्त्यांना बंदी, म्हणून आमच्या गणपतीत रमीला बंदी. टोबायस ख्रिसमस पाळत नसे, म्हणून डॉक्टर दर ख्रिसमसला हॉस्पिटलची ड्यूटी मागून घ्यायचे. "बायबलमध्ये तारीख कुठे दिलीय?" असं डोक्यावर कागदी मुकुट घातलेल्या नर्सेसना विचारायचे आणि त्यांनी दिलेलं पुडिंग मुकाट्याने खायचे. मुलंबाळं असलेल्या ज्युनियर डॉक्टरांना त्यामुळे सुट्टी मिळायची. त्याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही.

टोबायसने आधी सभागृह बांधलं, मग इतरांना जागा दिल्या आणि स्वतःचं घर सगळ्यात शेवटी उभारलं. डॉक्टरांनीही चांगली घरं आम्हाला दाखवली आणि स्वतः राहिले रेल्वेलाइनला लागून. गाडी गेली की त्यांच्या कपाटातल्या कपबशा खणखणायच्या. ते बोलणं थांबवायचे, गाडी जाऊ द्यायचे आणि त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. फक्त टोबायसचा पहिला हिवाळा आला की ते घाई करायचे. "पहिला हिवाळा कडक गेला," एवढं म्हणून थेट वसंतात.

नव्वदच्या दशकात ते रिटायर झाले, आणि एका सकाळी त्यांच्याच घरापुढे पाटी लागली. त्या दिवशी कोणालाही फोन गेला नाही.

मला विलक्षण राग आला. आम्हाला इथे आणून बसवलं आणि आता हे चालले? मी तशीच स्लिपर्समध्ये त्यांच्याकडे गेले. डॉक्टरांना एकच मुलगा, अजय; बायको गेल्यावर त्यांनी त्याला एकट्यानेच वाढवलं होतं. तो दूर समुद्रकाठच्या डेव्हनहून आला होता. मोडक्या मराठीत म्हणाला, "आंटी, बाबाला एकटा राहणं सेफ नाही. माझा घराजवळ बंगलो बघितलाय. सी व्ह्यू आहे." आणि तो इस्टेट एजंटकडे निघून गेला.

डॉक्टर खुर्चीत बसले होते. मी विचारलं, "टोबायस गेला असता?"

एक गाडी गेली. कपबशा वाजल्या. या वेळी त्यांनी दुसऱ्याच शब्दापासून सुरुवात केली.

"टोबायसची बायको पहिल्याच हिवाळ्यात गेली, वहिनी. गाव अजून उभंही राहिलं नव्हतं." मग म्हणाले, "आमची मालतीसुद्धा. अजय पाळण्यात होता. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, आसपास आपलं कोणी नाही. मी ड्यूटीवरून यायचो आणि झोपायचो. न्यूमोनिया झाला होता. एखादी शेजारीण असती, तर नुसत्या आवाजावरून म्हणाली असती, अगं, तुला बरं नाहीये. मी डॉक्टर. पण मी तिचा आवाज ऐकतच नव्हतो."

मला रडू आलं. इतकी वर्षं आम्ही ज्या प्रश्नाची नक्कल करत होतो, तो प्रश्न कुठून आला होता ते कळलं. सांत्वन वगैरे मला जमत नाही. मी तोच प्रश्न विचारला.

"डॉक्टर, तिकडे दिवसा मराठी कोणाशी बोलाल?"

त्यांनी खिडकीतून पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "टोबायसशी."

"त्याला मराठी येतं?"

"इतक्या वर्षांत शिकला असेल," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी घरी आले. संध्याकाळी फोन वाजला. आवाज जुनाच, हुकमी. "वहिनी, पाटी उपटायचीय. अजयशी बोललोय मी, चिडलाय, होईल शांत. गावात सुतार नाही हे किती वेळा सांगितलं मी तुम्हाला. श्रीकांतला पाठवा."

श्रीकांत हातोडी घेऊन गेला. काम पाच मिनिटांचं, पण जेवायची वेळ टळून गेली तरी त्याचा पत्ता नाही. आला तेव्हा म्हणाला, त्यांनी टोबायसची सगळी गोष्ट पुन्हा ऐकवली, या वेळी पहिल्या हिवाळ्यासकट.