झोपाळा-साहाय्यित प्रसन्नता

"कोणी 'केम छो' विचारलं, तर 'मजामां' म्हणायचं. रडायचं ते घरी येऊन, दार लावून."

हा आवाज जयसुखभाईंच्या आईचा. जयसुखभाई तेव्हा आठ वर्षांचे होते. चिंचेवरून पडून त्यांचा हात वाकू नये तिथे वाकला होता आणि नेमकी त्याच वेळी मोठ्या बहिणीला पाहायला आलेली माणसं दारात उभी होती. पाहुण्यांनी विचारलं, "केम छो, दीकरा?" मुलाने वाकडा हात पाठीमागे नेला आणि ओरडून सांगितलं, "मजामां!" पाहुणे चहा पिऊन, गाठिया खाऊन निघेपर्यंत हात पाठीमागेच होता. हात पुढे कधी नीट बसला नाही. सोयरीक मात्र नीट बसली.

आई गेली, चिंच गेली, आवाज राहिला. भावनगरात गाठियाचं दुकान चालवून म्हातारे झालेले जयसुखभाई कानाबार यांना फुप्फुसाचा कर्करोग निघाला, तेव्हा तो निकाल ऐकतानाही त्यांची मान सवयीने हलली होती.

गावातल्या 'प्रसन्नसेवा' इस्पितळात त्यांची इम्युनोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध. हे औषध रोगाला स्वतः मारत नाही. अंगातल्या झोपलेल्या पहारेकऱ्यांना हलवून उठवतं आणि चोर दाखवतं. पहारेकरी उठले. गाठ आकसू लागली. घरात आनंदाची गोड लापशी झाली.

आणि लापशीचं ताट हातात घेऊन जयसुखभाई उठले, तेव्हा स्वयंपाकघर उजव्या बाजूने निघालं आणि देवघरावरून फेरी मारून परत जागेवर येऊन उभं राहिलं.

त्यांनी भिंत धरली. दुसऱ्या दिवशी अंगण फिरलं. तिसऱ्या दिवशी नुसतं चपलेत पाय घालायला वाकले, तर समोरची गल्ली वर चढून गेली. जयसुखभाईंनी याची वाच्यता कुठेच केली नाही. त्याचं कारण इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी माणसाने त्यांच्या कानात सांगितलं होतं. "भाई, काही होत असलं तरी बोलू नका. बोललात की औषध बंद करतात." ते औषध म्हणजे जयसुखभाईंचा जीव होता. जीव जाण्यापेक्षा घर फिरलेलं परवडलं.

मात्र फिरत्या घरात राहण्याचा प्रश्न उरला. तो झोपाळ्याने सोडवला.

कानाबारांच्या ओसरीत पितळी साखळ्यांचा, मोरांच्या कड्यांचा झोपाळा होता. जयसुखभाई त्यावर बसले आणि त्यांना शोध लागला. घर पुढे निघालं, की झोपाळा मागे जाई; दोघांची वाटेत कुठेतरी भेट होई आणि जग क्षणभर उभं राही. शिवाय ज्या माणसाचा तोल जातो त्याने कायदेशीरपणे डुलावं, अशी घरात तेवढी एकच जागा होती. मग जेवण झोपाळ्यावर, छास झोपाळ्यावर, दाढी झोपाळ्यावर. दाढी दोनदाच झाली.

त्यांच्या पत्नी लाभुबेन शेजारी बसत, कारण झोका कुणीतरी द्यायला हवा होता. त्या पायाच्या अंगठ्याने जमीन मागे सारत, तोंडात लिंबाची फोड धरत, समोरच्या भिंतीतल्या एका खिळ्याकडे टक लावून पाहत आणि गुणगुणत:

पितळी साखळी, पितळेचे मोर, मोरांच्या माना वर,
पुढे गेला तो मागे येई, झोक्याचं हेच घर.

"इतकं आंबट का खातेस?" जयसुखभाई विचारत.

"बरं लागतं," लाभुबेन म्हणत आणि खिळ्याकडे पाहत.

रस्त्यावरून जाणारे लोक पाहत राहिले. कर्करोग झालेला माणूस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बायकोबरोबर झोके घेतो, ही बातमी गाठियापेक्षा जास्त खपली. "केम छो, जयसुखभाई?" "मजामां!" "ते दिसतंच आहे, भाई! आमची पाठ नुसती धरली, तर आम्ही अंथरूण धरतो."

पुढच्या डोसाच्या दिवशी डॉक्टर केतुल वसावडांनी मान वर न करता विचारलं, "केम छो, काका?"

"मजामां, साहेब."

"खाणं-पिणं?"

"सगळं झोपाळ्यावर."

डॉक्टरांनी मान वर केली. "दिवसभर झोपाळ्यावर असता? आणि त्रास काही नाही?"

"झोपाळ्यावर त्रास कसला, साहेब!" जयसुखभाई म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

त्या वेळी खोलीत इस्पितळाचे प्रशासन अधिकारी अश्विनभाई धोळकिया पंखे मोजायला आले होते. अश्विनभाईंची बुद्धी सरळ रेषेत चाले आणि मध्ये भिंत आली तरी थांबत नसे. हा रुग्ण झोपाळ्यावर बसतो. या रुग्णाला त्रास नाही. तस्मात् झोपाळ्याने त्रास जातो. आठवडा संपायच्या आत परिपत्रक निघालं: 'सर्व रुग्णांना कळविण्यात येते की, संस्थेत झोपाळा-साहाय्यित प्रसन्नता उपक्रम तात्काळ प्रभावाने लागू करण्यात येत असून, रुग्णांनी प्रसन्न राहून सहकार्य करावे.'

औषध द्यायच्या दालनातल्या खुर्च्या उचलल्या गेल्या आणि रांगेने झोपाळे टांगले गेले. सलाइनच्या बाटल्या साखळ्यांना बांधल्या. सिस्टर एल्सी रक्तदाब मोजायला झोपाळ्याबरोबर पुढे धावत आणि मागे धावत. शेवटी झोका टोकाला जाऊन थबकतो तेवढ्यात आकडा वाचायचा, असं ठरलं. आकडा कधी सापडे, कधी निसटे. निसटला तर 'प्रसन्न' असं लिहायची मुभा होती.

डॉक्टरांची तपासणीही त्याच दालनात होई. रुग्ण पुढे आला की डॉक्टर विचारत, "केम छो?" उत्तर येईस्तोवर रुग्ण मागे गेलेला असे. लांबून ऐकू येई, "...मां!" उरलेलं काय असणार, हे डॉक्टरांना ठाऊकच होतं. ज्यांना चक्कर येत नव्हती त्यांनाही येऊ लागली. पण प्रसन्नतेसाठी बसवलेल्या माणसाने चक्कर येते म्हणणं अशोभनीय दिसलं असतं. दालनात पिवळी, हिरवी पडलेली तोंडं एका लयीत पुढे-मागे होत आणि एका सुरात मजेत असत.

विमा कंपनीला हे कळलं, तेव्हा तिने योग्य ती शंका काढली. हौसेने घेतलेल्या झोक्यांची भरपाई देता येणार नाही. दुःखाने घेतलेले झोके तेवढे ग्राह्य धरले जातील. म्हणून प्रत्येक रुग्णाकडून एक प्रतिज्ञापत्र घेण्यात आलं. वरच्या अर्ध्यात 'मी मजेत आहे' हे संस्थेसाठी. खालच्या अर्ध्यात 'झोके घेताना मला मजा येत नाही' हे कंपनीसाठी. दोन्हीखाली एकच सही. ही सही झोपाळ्यावर बसून करायची असल्यामुळे ती कुणाचीच स्वतःच्या आधीच्या सहीशी जुळेना, आणि हेच दुःखाचं पुरेसं प्रमाण मानण्यात आलं.

इकडे जयसुखभाईंचं घर आता जोरात फिरू लागलं होतं. झोपाळा त्याला पुरा पडेना. "अजून जोरात दे," ते म्हणत. लाभुबेन दोन्ही पायांनी झोका देत. लिंबं संपत.

"ऐकता का," एकदा त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना एक शब्द..."

"काय सांगू? बंद केलं तर?" जयसुखभाईंनी साखळी घट्ट धरली. "गाठ अर्धी झाली आहे, लाभु. अर्धी राहिली आहे."

लाभुबेननी झोका दिला.

अशात संस्थेचा वर्धापनदिन आला आणि 'आदर्श प्रसन्न रुग्ण' हा मान जयसुखभाई कानाबार यांना एकमताने जाहीर झाला. मांडव पडला, ढोलवाले आले, व्यासपीठावर फुलांनी मढवलेला झोपाळा टांगला. त्यावर जयसुखभाई शाल पांघरून झुलत होते, तोवर सगळं ठीक होतं. पण अश्विनभाई माइकवरून म्हणाले, "आता आपले वडीलधारे दोन शब्द बोलतील. पुढे या, काका!"

झोपाळा पुढे जाऊन मागे येतो. माणसाला उतरूनच पुढे जावं लागतं.

जयसुखभाई उतरले. व्यासपीठ निघालं, पाठोपाठ मांडव निघाला, पहिल्या रांगेतले पाहुणे छताकडे चालू लागले. जयसुखभाईंनी माइकचा दांडा धरला. दांडाही त्यांच्यासोबत निघाला. दांड्याभोवती त्यांची एक गिरकी झाली, मग दुसरी झाली.

भावनगरच्या माणसाने गोल फिरणाऱ्या माणसाकडे पाहून काय समजावं? ढोलवाल्याने ढोल उचलला. "वाह, काका!" म्हणून पहिली रांग उठली, टाळ्या धरल्या, मग दुसरी उठली, सलाइन हातात धरून रुग्ण आले, सिस्टर एल्सीला कुणी ओढून घेतलं, अश्विनभाईंनी धोतर खोचलं. जयसुखभाईंच्या भोवती सगळं इस्पितळ गरबा खेळू लागलं. जग खरोखर फिरत आहे आणि इतरांनाही ते मान्य आहे, असा अनुभव जयसुखभाईंना प्रथमच आला.

तिसऱ्या गिरकीला ते थेट डॉक्टर वसावडांच्या अंगावर कोसळले.

डॉक्टर मांडी घालून खाली बसले, काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घाबरून, सवयीने, विचारलं, "केम छो, काका?"

आईचा आवाज जिभेवर आला होता. जयसुखभाईंनी तो गिळला.

"मजामां नाही, साहेब. बिलकूल मजामां नाही. तिसऱ्या डोसापासून घर फिरतंय."

ढोल थांबला.

"तिसऱ्या? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? 'केम छो' विचारलंत."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. उठवलेल्या पहारेकऱ्यांनी चोराबरोबर घरातल्याच एका चिमुकल्या ग्रंथीलाही बडवलं होतं. त्यामुळे उभं राहिलं की रक्तदाब खाली जात होता. "अजून उशीर केला असता, तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. "रोज गोळी घ्या. हळू उठा, आधी पलंगाच्या काठावर बसा, मग उभे राहा. पाणी प्या."

"आणि औषध बंद?"

"कशाला बंद? त्रास कळला की तो सांभाळता येतो. न कळलेला सांभाळता येत नाही, काका."

जयसुखभाई लहान मुलासारखे रडले. दार लावलेलं नव्हतं.

संस्थेने घटनेची गंभीर दखल घेतली. यापुढे प्रत्येक रुग्णाला 'केम छो?' दोनदा विचारावं, असं सुधारित परिपत्रक निघालं. रुग्ण आता दोनदा 'मजामां' म्हणतात. झोपाळे तसेच आहेत. ते हिशेबतपासणीत दाखवून झाले होते.

हळूहळू कानाबारांचं घर स्थिरावलं. एका दुपारी जयसुखभाई झोपाळ्यावर नुसतेच, हौसेने, बसले होते. लाभुबेन खाली फरशीवर गवार मोडत होत्या. घर थांबल्यापासून त्या एकदाही झोपाळ्यावर बसल्या नाहीत, हे जयसुखभाईंच्या तेव्हा ध्यानात आलं.

"ये ना, बस."

"गवार आहे."

ते हळू उठले, आधी काठावर, मग उभे. आणि त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले. "लाभु, केम छे तू?"

"मजामां."

इथे सभ्य माणूस पुढे निघून जातो. तुम्हीही जाता. पुढे जाता यावं, एवढ्यासाठीच तर तो शब्द ठेवला आहे. आज सकाळी कुणीतरी तुम्हाला दारात 'काय, बरं आहे ना?' विचारलं असेल. तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारलंत, तेव्हा त्याने काय उत्तर दिलं, तेही तुम्हाला माहीत आहे. ऐकायची गरजच पडली नसेल.

जयसुखभाई पुढे गेले नाहीत. उभेच राहिले. गवारीची एक शेंग मोडली, दुसरी मोडली, तिसरी हातातच राहिली.

"लग्न होऊन आले, तेव्हा तुमच्या आईने पहिल्याच दिवशी मला झोपाळ्यावर शेजारी बसवलं," लाभुबेन भिंतीतल्या खिळ्याकडे पाहत म्हणाल्या. "विचारलं, केम छो, वहू? मी म्हटलं, मजामां." त्यांनी शेंग खाली ठेवली. "तेव्हापासून मला गाडी लागावी तसा झोपाळा लागतो."